वासरामागे पंचावन्न डॉलर

२७ नोव्हेंबर २०२०, शुक्रवार

माझ्या नवऱ्याला, व्हर्लिनला जाऊन आज आठ दिवस झाले. काल थँक्सगिव्हिंगचा सण. मालकाची बायको डोरीन टर्कीचं ताट झाकून घेऊन आली, पायरीवर ठेवलं, लांबूनच हात हलवला आणि गेली. मी ते कुत्र्याला घातलं. डोरीनवर माझा राग नाही. पण ताट हॉलिस रेनरच्या टेबलावरचं होतं.

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाईच्या मनाचे खेळ आहेत. व्हर्लिननं तेवीस वर्षं हॉलिसची गुरं सांभाळली. मी रेनरांच्या स्वयंपाकघरात माणसांचं जेवण रांधलं. राहायला त्यांच्याच कुरणातलं हे दोन खोल्यांचं घर. ऑक्टोबरच्या बारा तारखेला वासरं वजनकाट्यावर न्यायची होती आणि हॉलिस पहाटेपासून खोकत होता. व्हर्लिन म्हणाला, "हॉलिस, तू पड घरी, आम्ही नेतो." हॉलिस म्हणाला, "धूळ आहे रे. चल, बस गाडीत." एका गाडीत चौघं, काचा वर, चाळीस मैल जायला आणि चाळीस यायला. त्याला दोन दिवस आधीपासून कॉफीची चव लागत नव्हती. हे डोरीनच्याच तोंडून निघून गेलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला.

हॉलिस पाच दिवसांत उठून बसला. व्हर्लिन उठला नाही.

दफनाला पाद्र्यांनी दहाच माणसं म्हटलं होतं. हॉलिस आत आलाच नाही. फाटकापाशी गाडीला टेकून, टोपी हातात धरून उभा राहिला, अख्खा पाऊण तास, त्या वाऱ्यात. आत येऊन माझ्या डोळ्याला डोळा भिडवायची छाती नव्हती, दुसरं काय.

२ डिसेंबर, बुधवार

हेलिकॉप्टरचं बिल आलं. व्हर्लिनला इथल्या इस्पितळातून शहरात नेलं होतं ते. पन्नास मिनिटांचा प्रवास. विम्यानं दिले ते दिले, माझ्या अंगावर राहिले पंधरा हजार नऊशे तीस डॉलर. पंधरा जानेवारीपर्यंत भरा, नाहीतर वसुलीवाले.

बिल खिशात घालून कामावर गेले. डोरीन टेबलावर कागद पसरून बसली होती. रेनरांचे सगळे कागद तीच बघते, हॉलिसला आकड्यांचा कंटाळा. सरकारच्या साथीच्या मदतीचा दुसरा फेरा चालू आहे. या वेळी वासरामागे पंचावन्न डॉलर. उन्हाळ्यात कुरणात किती होती तो आकडा लिहायचा, खरं बोलतोय म्हणून सही करायची, की पैसे आले. अकरा तारीख शेवटची. मोजायला कुणी येत नाही. गावात कॉफी पिताना सगळे त्यावर हसतात.

तिनं माझा चेहरा पाहिला आणि हात पुढे केला. "आण बघू."

चष्मा लावून तिनं बिल दोनदा वाचलं. "आजचा दिवस राहू दे माझ्यापाशी."

"तू काय करणार त्याचं?"

"असल्या बिलांत चुका असतात, अर्लिस. बघते."

संध्याकाळी निघताना बिल परत दिलं. "चूक नाही काही," म्हणाली. एवढंच.

६ डिसेंबर, रविवार

आज कानांनी ऐकलं ते शब्दाला शब्द लिहिते.

मी जेवणानंतरच्या कॉफीसाठी रोल भाजत होते. हॉलिस आणि डोरीन बैठकीत. दार लोटलेलं होतं, पण त्या घराच्या भिंती कागदाच्या आहेत.

हॉलिस म्हणाला, "तेवीस वर्षं पगार दिला. घर दिलं. दर वर्षी अर्ध्या गोऱ्ह्याचं मांस दिलं. आता काय, माझं मूत्रपिंड काढून देऊ?"

डोरीन म्हणाली, "तू खोकत होतास, हॉलिस."

मग तो म्हणाला, "फेब्रुवारीत बँकेला तोंड दाखवायचंय मला. नाहीत पैसे. विषय संपला."

मी रोल बाहेर काढले, पिठीसाखर भुरभुरली, आत नेऊन वाढले. हॉलिसनं दोन खाल्ले. मान वर केली नाही.

त्या क्षणी ठरवलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नाही. पण त्यालाही कळलं पाहिजे, सगळं हातातून जातं तेव्हा कसं वाटतं ते.

१४ जानेवारी २०२१, गुरुवार

नवलच घडलं. हप्त्यांची विनंती करायला हेलिकॉप्टरवाल्यांना फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या नावावर काही बाकी नाही. सोमवारीच भरलंय."

"कुणी?"

"नाव सांगायला मनाई आहे."

मला वाटलं चर्चनं. पाद्री ओस्बींना आभार मानायला फोन केला. ते म्हणाले, "आम्ही नाही गं. आमच्या पेटीत चारशे डॉलर आहेत, तेही चर्च तापवायच्या भट्टीच्या तेलाला लागतील. पण देवाला हात पुष्कळ असतात."

मग विचार केला. व्हर्लिन तरुणपणी चार वर्षं नौदलात होता. त्यांचा काहीतरी निधी असतो म्हणतात, गाजावाजा न करता देतात. तेच असणार. फोन ठेवून मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. मेल्यावरही हा माणूस माझी काळजी घेतो.

डोरीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "बरं झालं," म्हणाली आणि सोलतच राहिली, मान वर नाही. एवढी मोठी गोष्ट आणि दोन शब्द! शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली तरी लोक जास्त बोलतात. शेवटी तीही रेनरच.

२७ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारी घर सोडायचं. नवा गडी येतोय, बायको आणि तीन मुलं घेऊन. गायी विणार आहेत, त्याला कुरणातच राहायला हवं. हॉलिसनं मागच्या महिन्यात हे सांगितलं तेव्हा टोपीच्या काठाकडे बघत होता.

"स्टेडमनमध्ये धान्यकोठाराच्या मागे राहायला एक ट्रेलर आहे," म्हणाला. "मी बोलून ठेवलंय. पहिले दोन महिने भरलेत."

"तुमचे पैसे नकोत मला."

"अर्लिस, आता असं..."

"व्हर्लिनला जमिनीत ठेवलं तेव्हा फाटकापर्यंत आलात. आजही फाटकापर्यंतच या. आत येऊ नका."

तो गेला. ट्रेलरवाल्याला मी दुसऱ्याच दिवशी माझ्या पैशांतून दोन महिन्यांचं भाडं दिलं आणि सांगितलं, रेनरचे त्याला परत कर.

सामान बांधताना व्हर्लिन खिशात बाळगायचा त्या वह्या सापडल्या. लाल पुठ्ठ्याच्या, पशुखाद्याच्या दुकानात फुकट मिळतात त्या. वर्षाला एक. कुठल्या कुरणात किती सोडली, किती मेली, पाऊस कधी पडला. टाकून देणार होते. मग त्याचं अक्षर पाहिलं आणि सगळ्या पेटीत भरल्या.

२३ मार्च, मंगळवार

घाईघाईनं लिहितेय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

आता मी स्टेडमनच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाला आहे. आज नाश्त्यानंतर माझ्याबरोबरची नडीन फोन घेऊन बसली. मदतीची यादी बाहेर आलीय, नावानिशी, कुणाला किती. सगळं गाव तेच वाचतंय. नडीन मोठ्यानं वाचत होती आणि म्हातारे टेबलावर हात आपटत होते. "त्याला एवढे? त्याच्याकडे तर गुरांपेक्षा मांजरी जास्त आहेत!"

मी म्हटलं, "रेनर बघ."

"रेनर लँड अँड कॅटल. दुसरा फेरा. अठ्ठेचाळीस हजार दोनशे नव्वद."

अंड्याच्या पुठ्ठ्यावर पंचावन्ननं भागलं. आठशे अठ्ठ्याहत्तर. बाकी शून्य.

रेनरांकडे आठशे अठ्ठ्याहत्तर वासरं कधीच नव्हती. वासरांना खूण डागून मोजायची ती डागणी चार दिवस चालते, तेव्हाचं जेवण मीच रांधायचे, मला माहीत आहे. काम सुटल्यावर घरी येऊन गेल्या वर्षीची लाल वही काढली. मे महिन्याचं शेवटचं पान. "डागणी संपली. ५८८." खाली दोन रेघा ओढलेल्या.

दोनशे नव्वद वासरं हॉलिसनं हवेतून पैदा केली. पंधरा हजार नऊशे पन्नास डॉलर. त्याच डिसेंबरात, ज्या डिसेंबरात माझ्यासाठी त्याच्याकडे एक डॉलर नव्हता.

सापडलास, हॉलिस.

२५ मार्च, गुरुवार

काल दिवसभर मन मागेपुढे होत होतं. व्हर्लिन असता तर म्हणाला असता, ज्याच्या घरचं खाल्लं त्याची चुगली करू नये. आणि त्याच्याच अक्षरानं त्याच्या मालकाला पकडायचं, हे त्याला आवडलं नसतं. हे मला माहीत आहे. खोटं कशाला बोलू?

डोरीनचाही विचार आला. पण तिला काय होणार? मालक हॉलिस, धंदा हॉलिसचा. तिची सुटकाच होईल झाली तर.

आणि व्हर्लिनला आवडलं नसतं म्हणावं, तर व्हर्लिन आहे कुठे? मुद्दा तोच तर आहे.

दुपारी वहीच्या पानांच्या प्रती काढल्या, पत्र लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घातला. निनावी चिठ्ठ्या भित्रे लिहितात. केंद्र सरकारच्या तपासणी कचेरीच्या पत्त्यावर नोंदणी करून टाकलं. पोस्टातला माणूस म्हणाला, "महत्त्वाचं दिसतंय." मी म्हटलं, "माझ्यासाठी आहे."

९ जून, बुधवार

अडीच महिने काही नाही. वाटलं, फेकून दिलं असणार. आज ट्रेलरपाशी पांढरी सरकारी गाडी थांबली. मिस कॅव्हना म्हणून तपासनीस बाई, चाळिशीच्या, पायांत स्वच्छ बूट. मी रूबार्बचा केक दिला. तिनं खाल्ला नाही, नियम आहे म्हणाली.

सगळं विचारलं. डागणी कशी होते, मोजतं कोण, वही कुणाची. मी तोलून उत्तरं दिली. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"चुकूनही आकडा चुकतो, बाई. पाचाचा आठ होतो. मुद्दाम वाढवला हे दाखवता आलं नाही, तर पैसे परत घेऊन प्रकरण मिटतं."

"मिटतं म्हणजे?"

"म्हणजे दंड नाही, खटला नाही. तुम्ही त्या घरात होतात. श्री. रेनरनी आकडा वाढवायला सांगितलेलं कधी ऐकलंत?"

बाहेर धान्याचा ट्रक रिकामा होत होता. तो आवाज थांबेपर्यंत मी तिचा न खाल्लेला केक झाकून ठेवला.

"ऐकलं," मी म्हटलं. "डिसेंबरच्या सहा तारखेला, रविवारी. बैठकीत. तो डोरीनला म्हणाला, तीनशेच्या आसपास वाढव, कोण मोजायला येतंय."

तिनं लिहून घेतलं. मी सही केली.

तो हे बोलला नव्हता. पण त्या दिवशी जे बोलला ते ह्याहून वाईट होतं. कागदावर एक वाक्य बदललं, इतकंच. केलं त्यानंच आहे, हे मला माहीत आहे. काही गोष्टी न ऐकताही माहीत असतात.

१८ जुलै, रविवार

डोरीन आली होती.

मार्चनंतर पहिल्यांदा पाहिलं तिला. गळ्याची हाडं वर आलीत. आत ये म्हटलं नाही, तरी आली आणि खुर्चीवर बसली.

"वही तू पाठवलीस."

"हो, मीच."

"व्हर्लिनचं अक्षर छान होतं," म्हणाली. मग, "आणि ते बैठकीतलं बोलणं? ते हॉलिसनं कधी म्हटलं, अर्लिस?"

मी ओटा पुसायला लागले.

"तुझ्या त्या एका वाक्यामुळे ते त्याच्यावर खटला भरायला निघाले होते. त्याला तुरुंगात टाकलं असतं." हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसावं तशी बसली होती. "म्हणून परवा मी जाऊन सांगून आले. आकडा माझा. सही माझी. हॉलिसला पत्ता नव्हता."

"त्याला वाचवायला खोटं बोलतेस तू!"

"नाही. कळल्यावर तो ओरडला, की तू असं करशीलच कशी. बत्तीस वर्षांत मला एवढा ओरडला नव्हता. ते वाढीव पैसे आमच्या खात्यात राहिलेच नाहीत. आले आणि आठवड्यात गेले."

"कुठे गेले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, मी काही म्हणेन म्हणून वाट बघावी तसं. मग म्हणाली, "एका ठिकाणी द्यायचे होते. दुसरीकडून मिळेनात."

"मग सांग त्यांना तसं! भलं काम असेल तर सोडतील तुला."

"सांगितलं तर ते तिथं जाऊन पोचतील. दिलेले परत मागतील. आणि ज्याला दिले त्याला कळेल कुठून आले." ती उठली. "तुझ्या खिडकीच्या जाळीला भोक पडलंय, डास येतील."

ती गेल्यावर बराच विचार केला. तिची बहीण आहे ओमाहाला. मला वाटतं डोरीन नवऱ्याला सोडून जायच्या बेतात होती आणि बहिणीकडे पैसे साठवत होती. सोडून जावं असाच आहे तो. मग माझी हरकत कसली? ती मधे आली ह्याचं वाईट वाटलं, ते लिहायला लाज नाही. पण मी बाण हॉलिसवर सोडला होता. ती स्वतः पुढे येऊन उभी राहिली.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

रेनरांचा कळप आज बाजारात विकला गेला.

घेतलेले पैसे दंडासकट परत करायचे झाले, आणि सरकारी मदत, कर्ज, विमा सगळं पाच वर्षांसाठी बंद. हे कळल्यावर बँकेनं हात आखडला. साठ वर्षांचा कळप. मी कामावरून रजा काढली आणि लिलावघरात तिसऱ्या ओळीत बसले, जिथून मी हॉलिसला आणि हॉलिस मला दिसेल.

त्यानं पाहिलं मला. मी नजर हलवली नाही, त्यानंच हलवली.

गायी दहा-दहानं आत येत होत्या. पुकारणाऱ्याची जीभ चालू होती. हॉलिस दर वेळी टोपी काढायचा, पुन्हा घालायचा. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "वाईट दिवस." मी म्हटलं, "कुणासाठी?"

दुपारी दोनपर्यंत मी सुखात होते. मग एक पांढऱ्या तोंडाची म्हातारी गाय आली, कान अर्धा नसलेली. तो कान एका मार्चमधल्या हिमवादळात गेला होता, आणि व्हर्लिननं तिला आमच्या न्हाणीघरात तीन दिवस ठेवली होती. ती खाटिकखान्याच्या दरानं गेली. त्यानंतर मजा येईनाशी झाली. का ते सांगता येत नाही. सकाळपासून बाकावर बसून पाठ भरून आली असेल.

५ फेब्रुवारी २०२२, शनिवार

आज सकाळी अकराला हॉलिस दारात उभा राहिला. गाडी लांब ठेवून चालत आला होता. म्हातारा झालाय. कोटाचं वरचं बटण चुकीच्या भोकात.

"आत येत नाही," म्हणाला. "इथूनच बोलतो."

"बोल." जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. त्याच्या लक्षात आलं, पण गिळलं त्यानं.

"मंगळवारी डोरीनला शिक्षा सांगणार. वकील म्हणतो, पैसे कुठे गेले ते न्यायाधीशाला कळलं आणि ते चैनीला गेलेले नसले, तर ती घरी राहील. नाहीतर आठ महिने. ती ओठ उघडत नाही. मी घर उलटंपालटं केलं, अर्लिस. एक नवी चादर नाही, एक चमचा नाही. बहिणीला विचारलं, तिला दिले नाहीत. तू रोज होतीस तिच्या स्वयंपाकघरात. तुझ्याशी बोलायची ती." त्याचा आवाज फाटला. "त्या डिसेंबरात कुणाला गरज होती? कुणीतरी असणारच. आठवून बघ."

मी दाराची कड धरून उभी होते. चौदा महिने ज्या तोंडाची मी वाट पाहिली होती, ते माझ्यासमोर होतं आणि मागत होतं.

"त्या डिसेंबरात मी नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होते, हॉलिस. दुसऱ्याच्या गरजा बघायला मला सवड नव्हती."

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी खोकत होतो त्या दिवशी. मला माहीत होतं धूळ नाही ती. रोज आठवतं."

हेच ऐकायचं होतं मला. हेच, त्याच्याच तोंडून. ऐकलं, आणि वाटलं होतं तसं काही झालं नाही. आत काही हललं नाही. म्हणून मी आणखी बोलले.

"मला ठाऊक नाही पैसे कुठे गेले. आणि ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं. तिला आठ महिने जाऊ दे. तू एकट्यानं रांध, एकट्यानं जेव. बघ कसं लागतं."

दार लावून कडी घातली. खिडकीतून पाहिलं, तो रस्त्यापर्यंत गेला, गाडीत बसला. गाडी सुरू करायला त्याला फार वेळ लागला.

आज सगळं फिटलं, व्हर्लिन. कुणाचं काही देणं राहिलं नाही आपल्यावर.